तसबीर आणि नाव

महाराष्ट्रातील मुसलमानांचा इतिहास लिहायला बसले की आपली लेखणी चटकन किल्ल्यांकडे, दर्ग्यांकडे आणि दरबारांकडे वळते. अहमदनगरची निजामशाही, मलिक अंबर, जंजिऱ्याचे सिद्दी, सूफी संतांची परंपरा हे सारे विषय मोलाचेच आहेत. पण ज्या घरांत आपण वाढलो त्या घरांतल्या दादी-नानींचा इतिहास फारसा कुणी लिहिलेला नाही. त्यांतल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हते. जमिनीच्या उताऱ्यावर त्यांचे नाव क्वचितच चढले. त्यांच्या कबरी बहुधा कच्च्या मातीच्या, चार-दोन पावसाळ्यांत जमिनीशी एकरूप झालेल्या. अशा स्त्रीचा मागे राहिलेला कागद म्हणजे एखादा निकाहनामा आणि नशीब असेल तर एखादा फोटो.

या फोटोकडे आपण आठवण म्हणून पाहतो, दस्तऐवज म्हणून पाहत नाही. पण तोही एक दस्तऐवजच आहे. मात्र नुसत्या चेहऱ्याने वारसा सिद्ध होत नाही. चेहऱ्यासोबत नाव हवे, गाव हवे आणि चार ओळींची हकिगत हवी. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनंतर 'कुणीतरी एक बाई' होऊन बसतो. भारतातील मुस्लिम स्त्रियांच्या छायाचित्रांचा दीडशे वर्षांहून जुना इतिहास पाहिला, तर हेच पुन्हा पुन्हा दिसते.

तसबीर आणि शरीयत

मराठीतला 'तसबीर' हा शब्द अरबी-फारसीतून आलेला आहे. त्याचे मूळ 'तस्वीर', म्हणजे रूप देणे. ज्या धातूपासून हा शब्द बनला त्याच धातूपासून अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांपैकी 'अल्-मुसव्विर', म्हणजे रूप देणारा, हे नाव बनले. कुरआनच्या सूरह हश्रमध्ये ते येते. रूप देणे हे मूळचे अल्लाहचे काम, म्हणूनच सजीवांची चित्रे काढणाऱ्यांविषयी हदीसमध्ये कडक शब्द आहेत. ज्या घरात तसबीर असते तिथे फरिश्ते येत नाहीत, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. त्यामुळे मुस्लिम घरांत आजीचा फोटो भिंतीवर लावण्यापेक्षा ट्रंकेत, कपड्यांच्या घडीखाली जपण्याची रीत पडली.

कॅमेरा आल्यावर उलेमांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. हे चित्र माणसाने काढलेले, की आरशातल्या प्रतिबिंबासारखे आपोआप उमटलेले? इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुहू (१८४९-१९०५) यांनी असे मत मांडले की मूर्तिपूजेची भीती उरलेली नसेल तिथे ज्ञान जतन करणाऱ्या चित्राला धर्माची आडकाठी नाही. त्यांच्यानंतर इजिप्तचे मुफ्ती झालेले मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी सांगितले की फोटो म्हणजे सावली धरून ठेवणे, नवी निर्मिती नव्हे. हिंदुस्थानात मात्र मते दुभंगलेली राहिली. मौलाना आझादांचे 'अल्-हिलाल' १९१२ मध्ये कलकत्त्याहून निघाले ते छायाचित्रांसह. उलट देवबंदच्या दारुल उलूमने २०१३ मध्येही ओळखपत्र आणि पासपोर्ट यांची गरज वगळता फोटो काढणे नाजायज असल्याची भूमिका मांडली. हा वाद इथे मिटवायचा नाही. पण ज्यांनी फोटो काढून घेतला त्या सगळ्या दीन सोडून गेल्या होत्या आणि ज्यांनी नाही काढला त्या सगळ्या अडाणी होत्या, ही दोन्ही टोके इतिहासाला धरून नाहीत.

नाव नसलेले चेहरे

छायाचित्रणाचे तंत्र १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाले आणि थोड्याच वर्षांत ते मुंबई-कलकत्त्यात पोचले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले हौशी छायाचित्रकार. लखनौत अहमद अली खान हे १८५७ च्या आधीच कॅमेरा हाताळत होते. म्हणजे हिंदी माणसाने, आणि मुसलमानानेही, ही कला सुरुवातीलाच आत्मसात केली होती.

पण सरकारच्या हाती कॅमेरा गेला तेव्हा त्याचा हेतू निराळा झाला. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला ही प्रजा कोण आहे हे नोंदवून ठेवायचे होते. त्यातून 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून निघाला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. त्याआधी, १८६३ आणि १८६६ मध्ये, विल्यम जॉन्सन याने मुंबईच्या रहिवाशांची जातवार छायाचित्रे दोन खंडांत छापली होती. अशा ग्रंथांत राजघराण्यांतली आणि प्रतिष्ठितांतली थोडी माणसे सोडली, तर बाकीच्यांची ओळख जमात, जात, धंदा आणि पंथ एवढीच. समोर बसलेल्या माणसाला आईने कोणत्या नावाने हाक मारली होती, याची चौकशी करण्याची गरज कुणाला वाटली नाही. आज या ग्रंथांची पाने उलटताना पोशाख कळतो, दागिने कळतात, पण ती बाई कोण हे कळत नाही. ती कुणाची तरी दादी होती, आणि तिच्या नातवंडांना ती तिथे आहे याचा पत्ताही नसेल.

भोपाळच्या तीन पिढ्या

याच काळात, याच कॅमेऱ्यासमोर काही मुस्लिम स्त्रिया अगदी वेगळ्या रीतीने बसल्या. भोपाळ संस्थानात १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली, तर बेगमांचीच हुकूमत होती. कुदसिया बेगम, त्यांची मुलगी सिकंदर बेगम, तिची मुलगी शाहजहाँ बेगम आणि तिची मुलगी सुलतान जहाँ बेगम अशा या चार पिढ्या.

सिकंदर बेगम पर्दा पाळत नसत. घोड्यावरून मुलूख फिरून त्या कारभार पाहत. १८६२ मध्ये जेम्स वॉटरहाऊस हा विशीतला लष्करी अधिकारी मध्य हिंदुस्थानातील जमातींची छायाचित्रे काढण्याच्या सरकारी कामगिरीवर भोपाळला आला. तो आला होता नमुने गोळा करायला. पण इथे त्याची गाठ पडली ती राज्यकर्त्या स्त्रीशी. बेगमांनी स्वतःचे आणि आपल्या दरबारातल्या स्त्रियांचे निरनिराळ्या पोशाखांत फोटो काढून घेतले. कोणता पोशाख, कोणती बैठक, हे ठरवण्यात त्यांचाच शब्द चालला. १८६१ मध्ये सुरू झालेला 'स्टार ऑफ इंडिया' हा किताब त्यांना मिळाला होता. तो सन्मान छातीवर लावून, चेहरा उघडा ठेवून, थेट कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या सिकंदर बेगम आपल्याला दिसतात, आणि त्या खाली नाव असलेल्या फोटोत दिसतात. पुढच्याच वर्षी त्या हजला निघाल्या. त्यांचे जहाज १८६४ च्या सुरुवातीला मुंबई बंदरातून सुटले. त्या प्रवासाचे त्यांनी लिहिलेले वर्णन १८७० मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाले. म्हणजे उघड्या चेहऱ्याने फोटो काढून घेणारी ही बाई हजही करून आली आणि आपल्या हजची हकिगतही लिहून ठेवून गेली.

त्यांची नात सुलतान जहाँ बेगम (१८५८-१९३०) लहानपणापासून आजीच्याच देखरेखीखाली वाढली. १९०१ मध्ये ती गादीवर आली. ही नात पर्दा पाळणारी होती. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या राज्यारोहणासाठी ती लंडनला गेली, त्याच वर्षीच्या दिल्ली दरबारालाही गेली, आणि दोन्हीकडे बुरख्यात वावरली. तिच्या त्या काळच्या छायाचित्रांत डोक्यापासून पायापर्यंत बुरखा आहे आणि त्यावर किताबांची पदके आहेत. पर्द्याचे समर्थन करणारे 'अल्-हिजाब' हे पुस्तकही तिने लिहिले. आणि हीच बाई १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती झाली. मुलींच्या शाळांसाठी, दाईंच्या प्रशिक्षणासाठी, लसीकरणासाठी तिने आयुष्य वेचले. १९२८ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या दिल्ली अधिवेशनाचे अध्यक्षपदही तिने भूषवले.

आता तिची नात आबिदा सुलतान (१९१३-२००२) पाहा. तिलाही आजीनेच वाढवले. भल्या पहाटे उठवून कुरआन शिकवला, शिस्त लावली. ही नात घोडेस्वारी, शिकार आणि हॉकी खेळली, विमान चालवायला शिकली. १९५० मध्ये ती पाकिस्तानात गेली आणि पुढे त्या देशाची ब्राझीलमधील राजदूत झाली. तिच्या आठवणींचे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर, २००४ मध्ये निघाले. तिच्या फोटोंत बुरखा नाही.

हे तीन फोटो शेजारी ठेवून पाहावेत. आजीचा चेहरा उघडा, नातीचा झाकलेला, त्या नातीच्या नातीचा पुन्हा उघडा. मागासलेपणाकडून सुधारणेकडे जाणारी सरळ रेघ इथे आखता येत नाही, आणि धर्मनिष्ठेकडून बेदिलीकडे घसरणारीही आखता येत नाही. तिघींनीही आपण कसे दिसावे हे ठरवण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला. बुरख्यातल्या सुलतान जहाँ बेगमांच्या फोटोखालीही त्यांचे नाव आहे. त्यामुळे चेहरा दिसत नसला तरी त्या ओळखू येतात. उलट 'पीपल ऑफ इंडिया'मधल्या उघड्या चेहऱ्याच्या बाईला ओळखणारे कुणी नाही.

सुलतान जहाँ बेगमांनी आणखी एक मोठे काम केले. पणजी कुदसिया बेगमांचे चरित्र 'हयात-ए-कुदसी' आणि आई शाहजहाँ बेगमांचे चरित्र 'हयात-ए-शाहजहानी' त्यांनी स्वतः लिहिले, आपले आत्मचरित्रही लिहिले. आबिदा सुलतान यांचे पुत्र शहरयार खान (१९३४-२०२४) यांनीही पुढे भोपाळच्या बेगमांवर पुस्तक लिहिले. या घराण्याच्या तसबिरी आजही बोलतात, त्याचे कारण कॅमेऱ्याच्या जोडीला लेखणी चालली हे आहे.

दख्खन आणि कोकण

आपल्या बाजूला येऊ. निजामाच्या हैदराबादेत राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) हे दरबारी छायाचित्रकार होते. सहाव्या निजामाने, म्हणजे महबूब अली खान यांनी, त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास पर्दानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंतींचे आवार, आत पुरुषाला मज्जाव आणि कॅमेरा चालवायला एक इंग्रज बाई. त्या वेळी मराठवाडा याच राज्याचा भाग होता. पर्द्यातल्या स्त्रियांनाही आपली तसबीर हवी होती, ती आपल्या अटींवर हवी होती, आणि त्यासाठी पैसे मोजणारी घराणी होती, हे या स्टुडिओने दाखवून दिले. अर्थात ही सोय खानदानी हवेल्यांची होती. शेतमजुराच्या किंवा विणकराच्या बायकोला ती परवडणारी नव्हती.

कोकणात जंजिरा संस्थानच्या नाझली रफिया सुलतान बेगम आणि त्यांच्या बहिणी झोहरा व अतिया फैजी यांची उदाहरणे आहेत. मुंबईच्या तैयबजी-फैजी परिवारात स्त्री-पुरुष सगळ्यांनी मिळून घरच्या घडामोडींच्या वह्या लिहिण्याची प्रथा होती. नाझली बेगम १९०८ मध्ये युरोपला गेल्या आणि त्या सफरीचे वर्णन त्यांनी उर्दूत प्रसिद्ध केले. या घरातही भोपाळसारखीच फोटोला लेखणीची साथ होती, म्हणून या बहिणी इतिहासात राहिल्या.

फातिमाबींचा फोटो

आता ज्या तसबिरीशी आपल्या सर्वांचे नाते आहे तिच्याकडे वळू. सावित्रीबाई फुले यांच्या शेजारी बसलेली एक स्त्री आणि सोबत मुली, असा एक जुना फोटो आपल्या परिचयाचा आहे. ती शेजारची स्त्री फातिमा शेख म्हणून ओळखली जाते. सावित्रीबाईंची सहकारी शिक्षिका, जोतीराव-सावित्रीबाईंना घराबाहेर पडावे लागले तेव्हा पुण्यात आसरा देणाऱ्या उस्मान शेख यांची बहीण, असा तिचा परिचय सांगितला जातो. ९ जानेवारी हा तिचा जन्मदिवस म्हणून साजरा होतो. २०२२ मध्ये त्या दिवशी गुगलनेही तिचे चित्र झळकवले.

पण हे सगळे किती बारीक धाग्यावर उभे आहे पाहा. त्या काळचा भक्कम लेखी पुरावा म्हणजे सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेले पत्र. आपल्या आजारपणामुळे कामाचा सगळा भार फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा उल्लेख त्यात आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रकाशित केले. त्यामुळे हे पत्र आपल्या हाती आहे. जानेवारी २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर जेव्हा असा दावा झाला की फातिमा शेख नावाची बाई मुळात नव्हतीच, ती कल्पनेतून घडवलेली आहे, तेव्हा अभ्यासकांनी पुढे केले ते हेच पत्र. एकटा फोटो त्या वेळी साक्षीला पुरला नसता. मैत्रिणीच्या काळजीतून, पतीला लिहिलेल्या पत्रात सहज आलेल्या एका नावाने फातिमाबींना वाचवले.

या घटनेने आपल्याला हलवून सोडायला हवे. महाराष्ट्राच्या पहिल्या मुस्लिम शिक्षिकेचे अस्तित्व एका उल्लेखावर तोलले जाते, तर आपल्या घरातल्या स्त्रियांचे काय? आपला इतिहास कुणी पुसतो अशी तक्रार आपण करतो, आणि ती पुष्कळदा खरीही असते. पण जो इतिहास आपण लिहिलाच नाही तो पुसायला कुणाला कष्टही पडत नाहीत.

ट्रंकेतली दादी-नानी

सामान्य मुस्लिम घरातल्या दादी-नानीचा फोटो निघाला तो बहुधा गरजेपोटी. हजला जायचे म्हणून पासपोर्टसाठी निघाला. १९९३ पासून निवडणूक ओळखपत्रे आली तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात रांगेत बसवून निघाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले, तेव्हापासून आणखी एकदा निघाला. हे फोटो सरकारने मागितलेले आहेत. त्यांत दादी घाबरलेली दिसते, पदर कपाळावर ओढलेला असतो, नजर कुठेतरी दुसरीकडे असते. कार्डावरचे नावही अनेकदा चुकीचे छापलेले असते. ओळखपत्रावरचा हा चेहरा हीच पुढच्या पिढीसाठी तिची एकमेव तसबीर ठरते.

काही घरांत मात्र तालुक्याच्या गावी स्टुडिओत जाऊन काढलेला फोटो सापडतो. मागे रंगवलेला पडदा, बाजूला फुलदाणी, खुर्चीवर दादा बसलेले आणि शेजारी दादी उभी. असा फोटो बारकाईने वाचायला हवा. पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या कितीतरी मुस्लिम आज्या नऊवारी लुगडे नेसत. गळ्यात काळ्या पोतीचा लच्छा, हातांत काचेच्या बांगड्या. शेजारच्या पाटलिणीच्या फोटोशेजारी तो फोटो ठेवला तर कपाळावरचे कुंकू सोडून फारसा फरक दिसत नाही. आपण या मातीतले आहोत हे सिद्ध करायला आपण भाषणे करतो, लेख लिहितो. दादीच्या लुगड्याचा काठ तेच काही न बोलता सांगत असतो. आज आपल्या मुलींचा पोशाख बदलला आहे. तो बदलावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपल्या आजीचा पोशाख कसा होता हे त्यांना ठाऊक असायला हवे. नाहीतर मुसलमान बाई म्हणजे नेहमी अशीच, असा समज बाहेरच्यांचा होतो आणि हळूहळू आपलाही होतो.

या फोटोंमागे नाव लिहिलेले क्वचितच आढळते. लिहिले असले तर दादांचे असते. दादीला घरात आयुष्यभर अमुकची माँ किंवा तमुकची बीवी म्हणून हाक मारली गेली, त्यामुळे नातवंडांना तिचे नावच ठाऊक नसते. इंग्रजांच्या ग्रंथाने आमच्या बायकांची नावे लिहिली नाहीत असे म्हणताना, आपल्या ट्रंकेतल्या फोटोच्या पाठीवर काय लिहिले आहे तेही एकदा पाहायला हवे.

करण्यासारखे काम

हे काम विद्वानांची वाट पाहण्याचे नाही. २०१० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट'ने घराघरांतले जुने फोटो आणि त्यांमागच्या हकिगती एकत्र करून दाखवल्या आहेत. आपल्यालाही हे जमण्यासारखे आहे. घरातला जुना फोटो काढावा. ज्यांना तो आठवतो अशी वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसावे. दादीचे माहेरचे नाव, तिचे गाव, तिच्या आईचे नाव, निकाहचे साल, मेहेरची रक्कम, ती कोणते काम करी, सुईणपण, शेती, विणकाम, की मोहल्ल्यातल्या मुलांना कुरआन शिकवणे, हे विचारून घ्यावे. मऊ पेन्सिलीने फोटोच्या पाठीवर नाव लिहावे, बाकीचे वहीत. फोटो भिंतीवर लावायचा की संदुकीत ठेवायचा, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. आणि ज्या दादीला फोटो काढून घेणे मान्य नव्हते तिचा आग्रहही राखावा. तिच्यासाठी नुसती वही पुरेशी आहे.

जी दादी आज हयात आहे तिला मात्र विचारावे. ओळखपत्राच्या रांगेतला फोटो तिचा शेवटचा फोटो ठरू नये. तिला कोणते लुगडे नेसायचे आहे, चूल-ओसरीवर बसायचे आहे की मुसल्ल्यावर, पदर किती घ्यायचा आहे, हे तिलाच ठरवू द्यावे. भोपाळच्या बेगमांना जो हक्क तख्तामुळे मिळाला, तो आपल्या आजीला देण्यासाठी तख्त लागत नाही. तिच्यापुढे थोडा वेळ बसणारे नातवंड लागते, आणि तिचे पूर्ण नाव लिहून घेणारा हात लागतो.